आधी तासिका, मग वही

पत्र:

"मी सोलापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जुळे सोलापुरातून पूर्व भागातल्या शाळेत रोज स्कूटीवरून जाते. आठवीच्या दोन आणि नववीच्या दोन तुकड्या, मिळून पट २४० (आठवी ११८, नववी १२२). नववी अ ची, म्हणजे ६२ मुलांची, वर्गशिक्षिका आहे. आठवड्याला ३१ तासिका, शिवाय परीक्षा विभाग आणि विज्ञान प्रदर्शन माझ्याकडेच. आठवड्यातून दोनदा चारही तुकड्यांच्या गृहपाठाच्या वह्या मागवते. त्या शाळेत संपत नाहीत, म्हणून सोमवार ते शुक्रवार रात्री अडीच-अडीच तास आणि रविवारी पाच तास घरी बसते. त्यात रात्री नऊला शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या अकरापर्यंत माहिती द्या.' मुलगी तिसरीत आहे, तिचीच वही बघायची राहून जाते. पहाटे चारला उठून पाहिलं, आठ दिवसांत आजारी पडले. माझंच नियोजन चुकतंय का? मी कमी पडते का?"

– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर:

ताई, आधी तुमचेच आकडे मांडू. शाळा ११ ते ५, शनिवारी साडेतीन तास धरू. म्हणजे आठवड्याला साडेतेहतीस तास. घरचे साडेसतरा. एकूण ५१. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी तयारी धरून आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत. 'किमान' म्हटलंय आणि नववी त्यात येत नाही, हे मान्य. तरी 'मी कमी पडते का' या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं आहे. तुम्ही कमी पडत नाही, सहा तास जास्त देताय. आता हे सहा तास कुठे जातात ते शोधायचं. पहाटे चारला उठून ते सापडणार नाहीत. तिथे फक्त झोपेतून काढून तेच काम पुढे ढकललं जातं.

ते सहा तास वह्यांत आहेत. २४० मुलं, आठवड्यातून दोनदा, म्हणजे ४८० वह्या. एका वहीला एक मिनिट धरलं तरी आठ तास होतात. आणि एका मिनिटात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे: पान शोधायचं, वरून खाली नजर, तिरकी रेघ, सही, तारीख. वाचून काही होत नाही. मुलालाही ते कळतं. नववीतल्या पोराने उत्तराच्या मधोमध भलतंच वाक्य घुसवलं आणि त्यावर बाईंची सही आली, हा प्रकार बहुतेक शाळांत एकदा तरी घडलेला असतो. थोडक्यात, आठ तास देऊन तुम्ही सह्या देताय, तपासणी नाही.

म्हणून पहिला बदल वेळेत नाही, वह्या मागवण्यात करायचा. ज्या कामाच्या तपासणीची तासिका ठरलेली नाही, ते काम मागवायचं नाही. गृहपाठ फळ्यावर लिहितानाच स्वतःला विचारायचं, की हा कोण तपासणार, कुठल्या दिवशी, कितव्या तासिकेला? उत्तर नसेल तर गृहपाठ द्या, पण वही मागवू नका. तो वर्गातच तपासून होतो. कसा, ते पुढे.

तुमच्या मोकळ्या तासिका मोजू. सोमवार ते शुक्रवार आठ आणि शनिवारी पाच धरल्या, तर आठवड्याच्या ४५ तासिका होतात. त्यातल्या ३१ शिकवता, उरल्या १४. बदली तासांना, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी घ्याव्या लागणाऱ्या तासांना, चार-पाच जातात. हातात राहतात नऊ. तासिका ३५ मिनिटांची असली तरी घंटा, जिना आणि "मॅडम, एक मिनिट" यांत पाच मिनिटं जातात, म्हणून तीसच धरा. एक वही नीट वाचून दुरुस्तीचा शेरा द्यायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे एका तासिकेत दहा वह्या होतात, अकरा धरू नका.

आता ओळीची पद्धत. बहुतेक वर्गांत बाकांच्या चार ओळी असतात, एका ओळीत पंधराच्या आसपास मुलं. एका आठवड्यात प्रत्येक तुकडीची एकच ओळ घ्यायची. चार तुकड्या गुणिले पंधरा, म्हणजे ६० वह्या. सहा तासिकांत संपतात आणि तुमच्याकडे नऊ आहेत. चार आठवड्यांत प्रत्येक मुलाची वही एकदा पूर्ण वाचली जाते. आठ तासांच्या सह्यांऐवजी तीन तासांचं वाचन, आणि ते तीनही तास शाळेत.

दिवस ठरवून टाका. सोमवारी आठवी अ, मंगळवारी आठवी ब, बुधवारी नववी अ, गुरुवारी नववी ब. शुक्रवार राहिलेल्यासाठी, शनिवारी काही नाही. एखाद्या दिवशी दोन्ही मोकळ्या तासिका बदली तासात गेल्या, तर त्या पंधरा वह्या न उघडता मुलांना परत द्या आणि ती ओळ शुक्रवारी घ्या. इथे मन घट्ट करावं लागतं. 'पंधराच तर आहेत, घरी बघू' म्हणून पिशवी एकदा स्कूटीच्या हुकाला लागली की तीन आठवड्यांत पूर्वीसारखं सगळं होतं. शिवाय आपल्या शहरात नळ रोज येत नाही. ज्या रात्री पाणी सुटतं त्या रात्रीचे दोन तास भरण्यातच जातात, हे तुमच्या नियोजनात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून घरचे तास मोजून काम ठरवणं हे सोलापुरात तरी धोक्याचं.

वह्या गोळा करण्याची रीतही वेळ खाते. बंद वह्या आल्या तर प्रत्येकीत पान शोधायला पंधरा-वीस सेकंद जातात. साठ वह्यांना वीस मिनिटं, म्हणजे एका तासिकेचा मोठा भाग. ओळीतल्या शेवटच्या मुलाने वह्या मागून पुढे, त्या पानावर उघड्या, एकीत एक घालून द्यायच्या. वर एक चिठ्ठी, वही न दिलेल्यांचे हजेरी क्रमांक. ही चिठ्ठी तुमची तुम्ही बनवत असाल तर ते काम आजच मॉनिटरकडे द्या.

यात हमखास बिघडणारी गोष्ट एकच. मुलं हिशोबी असतात. ज्यांची ओळ या आठवड्यात नाही ती मुलं दुसऱ्याच महिन्यात लिहिणं सोडतात. त्याला उपाय साधा आहे. एका डब्यात हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या ठेवा आणि वही गोळा करायच्या क्षणी, आधी नाही, तीन चिठ्ठ्या काढा. ओळ आणि हे तीन. वाढणाऱ्या तीन वह्यांसाठी तुमचा वेळ दहा मिनिटं जातो, वर्ग मात्र लिहिता राहतो. चिठ्ठी परत डब्यात टाका. टाकली नाही तर एकदा निघालेलं पोरगं सुटल्याच्या आनंदात असतं.

बाकीच्या तीन ओळींचं काय? तासिकेच्या सुरुवातीची सात मिनिटं. उत्तरं फळ्यावर, वह्यांची अदलाबदल, तपासणी पेन्सिलीने आणि तपासणाऱ्याने खाली स्वतःचा हजेरी क्रमांक लिहायचा. तो क्रमांक महत्त्वाचा. त्याच्याशिवाय मित्र मित्राला सांभाळून घेतो. शेजारच्याशी अदलाबदल करू नका, मागच्या बाकाशी करा. मग हात वर करायला लावा: तिसरा प्रश्न किती जणांचा चुकला? वीसच्या वर हात आले तर पुढची पाच मिनिटं त्याच प्रश्नावर. वह्या घरी नेऊन रविवारी रात्री जे कळलं असतं, ते इथे सात मिनिटांत कळतं आणि त्याच दिवशी सुधारता येतं.

पण अदलाबदलीने सगळंच तपासता येत नाही. उदाहरणं, एकक, आकृतीतली नावं, जोड्या लावा, हे चालतं. 'शास्त्रीय कारणे लिहा' चालत नाही. तिथे मुलं फळ्यावरच्या वाक्याशी शब्द जुळतो का एवढंच बघतात आणि वेगळ्या शब्दांतलं बरोबर उत्तर चूक ठरवतात. म्हणून गृहपाठाची घडणच बदला. चार प्रश्न द्या, तीन नेमक्या उत्तराचे आणि एक स्वतःच्या शब्दांत. पहिले तीन मुलं तपासतील. ओळीची वही आली की तुम्ही चौथा प्रश्न आणि आकृती वाचायची. तीन मिनिटांत एक वही होते ती यामुळेच. दहा प्रश्नांचा गृहपाठ असेल तर हे गणित मोडतं. तसाही तुमच्या पूर्व भागात घरी विडीच्या पानांना किंवा शिलाईला हात लावणारी मुलं वर्गात असतीलच. त्यांच्याकडे दहा प्रश्नांचा वेळ नसतो, मग ती सकाळी दुसऱ्याची वही उतरवतात आणि तुम्ही एकच उत्तर वीस वेळा तपासता.

शेरे लिहिण्यात जाणारा वेळ खुणांनी वाचवा. वर्षाच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडून लिहून घ्या: 'ए' म्हणजे एकक नाही किंवा चुकलं, 'पा' म्हणजे पायऱ्या गाळल्या, 'ना' म्हणजे आकृतीला नावं नाहीत, 'का' म्हणजे कारण अपुरं, 'शु' म्हणजे शब्द अशुद्ध. पाचाच्या वर खुणा नकोत, तुम्हीच विसराल. नववीच्या 'गतीचे नियम' मध्ये त्वरणाचं एकक मीटर प्रति सेकंद लिहून 'वर्ग' गाळणारे निम्मे तरी असतात. प्रत्येकाला पूर्ण वाक्य लिहीत बसण्यापेक्षा समासात 'ए' लिहा. मुलाने खाली 'दुरुस्ती' असं लिहून ते वाक्य पुन्हा लिहायचं. पुढच्या वेळी त्याची ओळ आली की आधी ती दुरुस्ती बघायची, मगच नवं पान. दुरुस्ती नसेल तर नवं पान तपासूच नका, वही परत द्या. हे दोन वेळा केलं की वर्गाला समजतं.

"पण तपासणीला आलेले साहेब प्रत्येक पानावर सही मागतात," असं तुम्ही म्हणाल. काही शाळांत खरंच मागतात. म्हणून ही पद्धत गुपचूप सुरू करू नका. मुख्याध्यापकांना आधी दाखवा. वहीच्या मुखपृष्ठाच्या आत चार रकान्यांचा एक छोटा तक्ता चिकटवा: तारीख, काय वाचलं, कोणती खूण, दुरुस्ती झाली का. बाकीच्या पानांवर 'वर्गात तपासले' एवढा रबरी शिक्का, तोही मुलांनीच मारायचा. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, तक्ता हातात दिला की सहसा कुणी नाही म्हणत नाही. म्हटलंच, तर निदान महिनाभर दोन तुकड्यांवर करून बघायची परवानगी मागा.

बदली तासाबद्दल एक गोष्ट. बदली तास स्वतःच्याच तुकडीवर आला तर त्या दिवसाची ओळ तिथेच घ्या, मुलाला शेजारी उभं करून. समोर बसून तपासलेली वही दीड मिनिटात होते, कारण शेरा लिहावा लागत नाही, बोलता येतो. बदली तास दुसऱ्याच्या तुकडीवर असेल तर वह्या नेऊ नका. अनोळखी साठ मुलं आणि खाली घातलेली मान, हे जमत नाही. त्यासाठी एका फाईलमध्ये उत्तरं मागेच छापलेले पाच-सहा स्वाध्याय ठेवा, ज्यांना तुमची तपासणी लागत नाही.

आणि मोकळ्या तासिकेला शिक्षक कक्षात बसू नका. विषय निघतो, चहा येतो, तासिका जाते. यात कुणाची चूक नाही, पण दहा वह्या राहतात. प्रयोगशाळेत बसा. विज्ञानाच्या शिक्षकाला ही सोय आहे, भाषेच्या शिक्षकाला ती नसते. चहा मधल्या सुट्टीत सगळ्यांबरोबर घ्याच. माणसांतून उठून जायचं नाही.

प्रयोगवहीत तर वर्षाच्या शेवटी हमखास अडचण होते. नववीच्या १२२ वह्या, प्रत्येकीत आठ-दहा प्रयोग, आणि सगळं फेब्रुवारीत एकदम टेबलावर. त्यावर एकच उपाय आहे. निरीक्षण तक्त्यावरची सही प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याआधी. मुलगा तक्ता भरून दाराशी येतो, तुम्ही वाचनं बघता, सही, बाहेर. एका मुलाला वीस सेकंद, साठ मुलांना वीस मिनिटं. म्हणून प्रयोगाला जोड तास असेल तर शेवटची वीस मिनिटं यासाठीच राखा. कृती आणि निष्कर्ष घरी लिहू दे, ते ओळीच्या वेळी दिसतं. वेळापत्रक करणाऱ्या सरांना सांगून नववीच्या दोन्ही तुकड्यांचा प्रयोग एकाच दिवशी, लागोपाठ घ्या. साहित्य एकदाच मांडावं आणि धुवावं लागतं. 'आम्ल, आम्लारी व क्षार' सारख्या प्रकरणात हळदीचे कागद आदल्या दिवशी मुलांनीच घरून करून आणले तर तुमचा आणखी अर्धा तास वाचतो. कागद पूर्ण वाळवून आणायला सांगा, ओले कागद एकमेकांना चिकटतात.

आठवीच्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल लिहायच्या ओळी. आठवीला आकारिक (सत्रभर चालणारं मूल्यमापन) ४० आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ६० असा भार आहे, त्यामुळे नोंदी हलक्यात घेता येत नाहीत. तुम्ही त्या सत्राच्या शेवटी एकदम लिहीत असणार, कारण बहुतेक सगळेच लिहितात. मग तयार नोंदींची पीडीएफ उघडली जाते आणि चाळीस मुलं 'अभ्यासात रस घेतो' होतात. आठवीचा तुमचा पट ११८. रोज पाच मुलांची एक-एक ओळ, तासिका संपताना उभ्या-उभ्या लिहिली, तर २४ दिवसांत सगळी होतात. नोंद करताना मुलाने काय केलं ते लिहा, तो कसा आहे ते नको. 'लोखंडी खिळा बुडतो आणि रिकामी डबी तरंगते, कारण स्वतःच्या शब्दांत सांगितलं.' 'दाब आणि बल यांत गल्लत, दोनदा.' अशा ओळीला विचार करावा लागत नाही, दिसलेलं उतरवायचं असतं. म्हणून ती अर्ध्या मिनिटात होते.

टाचणाबद्दल, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीबद्दल, फार लिहीत नाही. एका इयत्तेच्या दोन तुकड्यांना एकच टाचण ठेवा आणि खाली एक ओळ: काय अडलं. पुढच्या वर्षी तीच ओळ कामाला येते, बाकीचं सगळं पुस्तकात असतंच.

सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका मात्र घरी न्याव्या लागणार, ते लपवण्यात अर्थ नाही. आठवीच्या ११८, नववीला विज्ञानाचे दोन भाग म्हणून २४४. एकूण ३६२. एका पेपरला पाच मिनिटं धरली तर तीस तास होतात. बारा दिवस, रोज अडीच तास. हे दिवस वर्षाच्या कॅलेंडरवर जूनमध्येच रंगवून ठेवा आणि त्या दिवसांत दुसरं काही स्वीकारू नका. पाहुणेही नकोत. त्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी भाकरी थापलीच पाहिजे असंही नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही एवढ्यावर सोलापूरकर पिढ्यानपिढ्या प्रवास करत आले आहेत. नसेल जमत तर मिस्टरांनी करावी.

पेपर विद्यार्थ्यानुसार तपासू नका, प्रश्नानुसार तपासा. तीसचा गठ्ठा घ्यायचा, सगळ्यांचा प्रश्न पहिला, मग सगळ्यांचा दुसरा. एकच उत्तर डोक्यात राहतं, त्यामुळे वेग वाढतो आणि गुणांत तफावत येत नाही. दर प्रश्नाला गठ्ठा पत्त्यांसारखा मधून कापून घ्या, नाहीतर शेवटची पाच मुलं कायम थकल्या डोळ्यांना सापडतात. गुणदान ठरवायचं ते प्रश्नपत्रिका काढण्याच्या दिवशीच, संविधान तक्त्याला (कुठल्या घटकाला किती गुण, याच्या आराखड्याला) जोडून: सूत्राला अर्धा, किंमती घालण्याला अर्धा, उत्तराला अर्धा, एककाला अर्धा. तरी पहिले पाच पेपर गुण न लिहिता वाचून काढा. मुलांनी काहीतरी वेगळंच बरोबर लिहिलेलं असतं आणि तुमचं गुणदान बदलावं लागतं. तीस पेपर झाल्यावर हे लक्षात आलं तर तीसही पुन्हा उघडावे लागतात. बेरीज स्वतःची स्वतः तपासू नका, शेजारच्या बाईंशी गठ्ठा बदला.

आता रात्री नऊचा मेसेज. 'उद्या अकरापर्यंत' मागितलेली माहिती बहुतेक वेळा त्याच पंधरा-वीस गोष्टींची असते. नववी अ च्या ६२ मुलांची एक मास्टर शीट करा: जनरल रजिस्टर (शाळेचं प्रवेश रजिस्टर) क्रमांक, रजिस्टरप्रमाणे नाव, आधारप्रमाणे नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाईल, बँक खातं, यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला) क्रमांक, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) झाला की नाही. एकदाच, हजेरी क्रमांकाने, एक्सेलमध्ये. एक छापील प्रत कपाटात कुलपाखाली, कारण सरकारी साइट बंद असते तेव्हा तीच उपयोगी पडते. ही शीट ग्रुपवर टाकायची नाही. मुलांचे आधार क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणं हे कितीही सवयीचं झालं असलं तरी चूकच आहे. मागतील तेवढाच रकाना काढून पाठवा.

यातला खरा वेळखाऊ भाग म्हणजे नावांतला फरक. तुमच्या भागात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं बरीच. आडनावाची स्पेलिंग आधारवर एक, जनरल रजिस्टरला दुसरी, वडिलांच्या रेशनकार्डावर तिसरी, हे इथे रोजचं आहे. नावं जुळत नाहीत म्हणून अपार अडतो आणि दहावीला बोर्डाच्या फॉर्मच्या वेळी पालक दाराशी येतात. फरक असलेल्या मुलांची यादी जूनच्या शेवटापर्यंत करा आणि प्रत्येक पालकाला काय बदलून आणायचं ते लेखी द्या: आधार, की रजिस्टर. 'नाव दुरुस्त करून आणा' एवढंच सांगितलं तर पालक चुकीचा कागद बदलून आणतो आणि एका मजुरी बुडालेल्या दिवसानंतर पुन्हा तुमच्यासमोर उभा राहतो.

ग्रुप दोन वेळा उघडा, शाळेत पोचल्यावर आणि सुटायच्या आधी अर्धा तास. रात्री आलेल्या मेसेजला सकाळी पावणेअकराला शीटमधून उत्तर दिलं तरी अकराच्या आत जातं. आठवड्याच्या नऊ तासिकांतली एक या कामाला बांधून ठेवा. पालकांचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर ठेवा आणि भेटीची वेळ कळवा, समजा साडेपाच. यंत्रमागावर पाळीत जाणाऱ्या पालकाला साडेपाच जमेलच असं नाही, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावरचा अर्धा तासही द्या.

राहता राहिली परीक्षा विभाग आणि विज्ञान प्रदर्शन ही दोन कामं. दोन्ही एका माणसाकडे असू नयेत, कारण परीक्षा आणि प्रदर्शन यांची तयारी दुसऱ्या सत्रात अनेकदा एकमेकांवर चढते. नकार देताना 'मला वेळ नाही' म्हणू नका, त्याला कुणी विचारत नाही. असं म्हणा: "सर, परीक्षा विभाग मी पूर्ण सांभाळते. प्रदर्शनाचं साहित्य आणि जुन्या नोंदी मी नव्या सरांना समजावून देते आणि निवडीच्या दिवशी हजर राहते." काय करणार ते आधी, काय सोडणार ते नंतर, आणि सोडलेलं काम कुणाकडे जाईल ते त्यातच. हे जूनच्या पहिल्या बैठकीत बोलायचं. ऑगस्टमध्ये बोललात तर ती तक्रार ठरते.

सुरुवात एकदम सगळ्याची करू नका. येत्या सोमवारपासून फक्त आठवी अ ची ओळ आणि डब्यातल्या तीन चिठ्ठ्या. बाकीच्या तीन तुकड्यांचं दोन आठवडे जुनंच चालू दे, पण वह्या दोनदाऐवजी एकदा मागवा. त्यानेच तीन तास सुटतात. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या तुकड्या घ्या. प्रयोगवही आणि मास्टर शीट त्यानंतर.

ओळींचं वेळापत्रक आखताना दोन ठिकाणी कॅलेंडरवर फुली मारा. उन्हामुळे शाळा सकाळची झाली की तासिका आखूड होतात, तीस मिनिटांच्या तासिकेत वह्या दहा नाही, आठच होतात. तेव्हा ओळ दीड आठवड्याची धरा. आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत निम्मा वर्ग सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे किंवा होम मैदानावर पाळण्यात असतो. त्या आठवड्यात एकही वही मागवू नका, मुलीला घेऊन तुम्हीही जाऊन या.